जुन्या फोटोतलं ग्वाल्हेर आजच्या फोटोशी कॉम्प्युटरने कसं जुळवायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्वाल्हेरच्या लष्कर नावाच्या भागातल्या, जुन्या ग्वाल्हेरातल्या मराठी घरांतून, आणि आता इंदूर-बडोद्याहूनही, जुने फोटो आणि त्यांच्यासोबत तेच तेच प्रश्न येत असतात, म्हणून सगळी उत्तरं एकत्र लिहून काढली. एका उत्तरात दुसऱ्याचा संबंध आला की तिथे नंबर दिलाय, तेच परत लिहिलेलं नाही.

१. तुम्ही नेमकं करता काय? जुना फोटो आणि नवा फोटो शेजारी ठेवता, एवढंच ना?

शेजारी ठेवणं ही शेवटची पायरी. खरं काम म्हणजे जुना फोटो काढणारा माणूस कुठे उभा होता, कॅमेरा किती उंचीवर होता आणि कुठल्या दिशेला वळलेला होता हे शोधायचं, मग तिथेच जाऊन नवा फोटो काढायचा आणि दोन्ही एकमेकांवर असे बसवायचे की न हललेली प्रत्येक गोष्ट स्वतःच्याच जागेवर पडेल. तसं झालं की जे जुळत नाही तोच बदल. कडा कुठे ढासळली, तलावाचा काठ किती सरकला, उतारावर घरं कुठवर चढली, हे मग मोजता येतं. नुसतं "पूर्वी असं होतं, आता असं आहे" म्हणून दोन फोटो चिकटवले तर बघायला छान वाटतं, पण मोजता काहीच येत नाही.

२. मला कोडिंग येत नाही, तरी जमेल का?

जमेल. अर्धं काम पायांनी आणि डोळ्यांनीच होतं (प्रश्न ७). उरलेल्यासाठी ओपनसीव्ही नावाची फुकट लायब्ररी आहे, घरातल्या कॉलेजच्या पोराला पायथॉनच्या वीस-पंचवीस ओळी लिहायला सांगा, तो लिहून देईल. आणि तेही नको असेल तर कुठल्याही फोटो एडिटरमध्ये दोन लेयर घ्या, वरच्याची अपॅसिटी अर्धी करा, म्हणजे खालचा आरपार दिसेल, आणि हाताने चार कोपरे ओढून बसवा. हळू होतं, पण चूक कुठे आहे ते डोळ्यांना फार लवकर कळतं.

३. फोटो अल्बमच्या काळ्या पानाला चिकटलाय. काढू का? स्कॅन कसा करू?

ओढून काढू नका, फाटला की फाटला. पानासकट स्कॅन करा. ६०० डीपीआय (दर इंचाला ६०० ठिपके) पुरे, म्हणजे ६ बाय ४ इंची प्रिंटचे ३६०० बाय २४०० पिक्सेल मिळतात. स्कॅनर नसेल तर खिडकीजवळच्या मऊ उजेडात, फ्लॅश न लावता, मोबाईल अगदी समांतर धरून फोटो घ्या. कडा कापू नका, पांढरी बॉर्डरही राहू द्या, कारण फोटोचा मधला बिंदू कुठे होता ते त्यावरून कळतं आणि पुढे ते लागतं (प्रश्न १२). मागची बाजूही स्कॅन करा. पेन्सिलने लिहिलेलं "कंपू, दिवाळी" (कंपू हा इथला एक भाग) एवढं जरी सापडलं तरी आमचा आठवडा वाचतो.

४. कॉम्प्युटर दोन फोटोंत नेमकं बघतो काय?

तो किल्ला ओळखत नाही, तो ठळक खुणा शोधतो. म्हणजे दगडाचा कोपरा, खिडकीची कड, कड्यातली भेग, अशी जागा जिच्या चारी बाजूंना उजेड-सावलीचा ठसा वेगळा आहे. अशा प्रत्येक जागेचं तो आकड्यांमध्ये वर्णन करतो आणि दोन फोटोंतली सारखी वर्णनं जोडीला लावतो. या जोड्यांत भरपूर खोट्या असतात. मग रॅन्सॅक नावाची १९८१ सालची पद्धत येते. ती मोजक्याच जोड्या यादृच्छिक उचलते, त्यांच्यावरून "दुसरा फोटो असा वळवला तर बसेल" असा अंदाज बांधते आणि बाकीच्या किती जोड्या त्या अंदाजाला हो म्हणतात ते मोजते, हे शेकडो-हजारो वेळा करते आणि सगळ्यात जास्त होकार मिळालेला अंदाज ठेवते. सपाट भिंतीसाठी, किंवा दोन्ही फोटो एकाच जागेवरून असतील तर, या अंदाजाला चार जोड्या पुरतात.

५. खुणा शोधून जोडायला जुनी सिफ्ट पद्धत वापरू की नवीन एआयवाली मॉडेल्स?

नवीन. सिफ्ट चांगलं आहे, १९९९ पासून सगळ्यांच्या हाताखालून गेलंय, २०२० मध्ये त्याचं पेटंटही संपलं, आणि दोन आजचे फोटो जुळवायला अजूनही उत्तम चालतं. पण मध्ये सव्वाशे-दीडशे वर्षं असली की ते हात टेकतं, कारण त्याचं सगळं वर्णन उजेडाच्या चढ-उतारावर उभं आहे आणि इतक्या वर्षांत दगडाचा रंग, ऊन, प्रिंटचा पिवळेपणा, सगळंच बदललेलं असतं. २०२० चं सुपरग्लू, २०२१ चं लॉफ्टर, २०२३ चं लाइटग्लू ही मॉडेल्स एकेक खूण सुटी न बघता सगळ्या खुणांची आपापसातली मांडणीही बघतात, त्यामुळे जिथे सिफ्टला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या जोड्या मिळतात तिथे यांना बऱ्याच मिळतात. पण जोड्या जास्त म्हणजे जुळणी खरी असं समजू नका (प्रश्न ९).

६. जुन्या फोटोत आभाळ कोरं पांढरं आणि किल्ला काळाकुट्ट दिसतो. फोटो खराब झालाय का?

नाही हो, तो काळच तसा होता. १९व्या शतकातल्या काचेच्या प्लेटा मुख्यतः निळ्या उजेडालाच दाद द्यायच्या, लाल त्यांना दिसतच नव्हता. म्हणून निळं आभाळ जळून पांढरं, हिरवी झाडं काळी आणि आपल्या किल्ल्याचा पिवळट-तांबूस वालुकाश्म गडद. याचा फायदा घ्या: नवा रंगीत फोटो सरसकट ब्लॅक अँड व्हाइट करू नका, त्यातला फक्त निळा चॅनल, म्हणजे निळ्या रंगाचा थर, वेगळा काढून घ्या आणि तो जुन्या फोटोशी लावा. एका ओळीचा बदल आहे, पण टोन इतके जवळ येतात की आधी न सापडलेल्या जोड्या सापडायला लागतात. मला स्वतःला हा या सगळ्या कामातला सगळ्यात आवडता क्षण वाटतो, आपल्याच मोबाईलचा फोटो स्क्रीनवर अचानक त्या प्लेटेसारखा दिसायला लागतो.

कोऱ्या आभाळाचा आणखी एक उपयोग म्हणजे क्षितिजाची रेघ आयती स्वच्छ मिळते. फक्त ढग फार सुंदर दिसत असतील तर शंका घ्या, तेव्हाचे फोटोग्राफर दुसऱ्या निगेटिव्हमधले ढग आणून छापायचे.

७. उभं राहायची जागा शोधायची कशी? गूगल मॅपवर अंदाजाने जाऊन येतो पण जमत नाही.

यातच खरी गोम आहे, म्हणून जरा लांब लिहितो.

तुम्ही एक मीटर बाजूला सरकलात तर जवळची वस्तू फोटोत खूप सरकते आणि लांबची अगदी थोडी. मोबाईलच्या मेन कॅमेऱ्याचा ४००० पिक्सेल रुंद फोटो धरा, त्याची फोकल लेंथ पिक्सेलमध्ये साधारण ३००० येते. हा आकडा वस्तूच्या मीटरमधल्या अंतराने भागला की एक मीटरला ती किती सरकते ते कळतं: ३० मीटरवरचं झाड १०० पिक्सेल सरकेल, दीड किलोमीटरवरचा किल्ला फक्त २. म्हणजे जागा चुकली असेल तर किल्ला तुम्हाला ते सांगणारच नाही, सांगेल ती जवळची वस्तू. लोक किल्ला बरोबर बसवतात आणि खूश होऊन घरी येतात, आणि मग पुढची भिंत तिसरीकडेच असते.

म्हणून फोटोत एक जवळची आणि एक लांबची अशी जोडी शोधा जी एकमेकांना नेमकी चाटून जाते. माझ्या आजोबांच्या अल्बममध्ये लष्करमधल्या कुठल्यातरी गच्चीवरून काढलेला एक फोटो आहे. पुढे एका देवळाचा कळस, मागे किल्ल्याची धार, आणि कळसाचं टोक एका बुरुजाच्या डाव्या कडेला बरोब्बर टेकलेलं. आम्ही नकाशावर त्या बुरुजापासून कळसातून एक रेघ ओढली आणि मागे वाढवत नेली, कॅमेरा त्या रेघेवर कुठेतरी असणारच. मग उजवीकडे एका वाड्याचा कोपरा आणि तटाची एक खाच अशी दुसरी जोडी मिळाली, दुसरी रेघ ओढली. दोन्ही जिथे छेदल्या तिथे तीन घरं होती, म्हणजे अख्ख्या मोहल्ल्यातून तीन गच्च्या उरल्या.

पहिल्या घरच्या काकूंनी वर जाऊ दिलं. डावं-उजवं सगळं जुळत होतं, पण कळस तटाच्या वर डोकावत होता आणि आजोबांच्या फोटोत तो तटाच्या खाली आहे. कळस वर दिसतो म्हणजे आपण खाली आहोत. शेजारचं घर एक मजला उंच होतं, तिथे गेलो, आणि कळस खाली उतरून जागेवर बसला. ६० मीटरवरच्या कळसासाठी तीन मीटरचा मजला म्हणजे वरच्या हिशेबाने १५० पिक्सेल, नुसत्या डोळ्यांना दिसतो. त्या गच्चीच्या कठड्यावर हात ठेवून मी बराच वेळ उभा होतो, आजोबांचा हातही तिथेच कुठेतरी टेकला असणार.

कॉम्प्युटरही हेच करतो. ज्यांची खरी जागा, उंचीसकट, माहीत आहे असे सहा-सात पॉइंट त्याला द्या, सगळे एकाच भिंतीवरचे नकोत, जवळचे-लांबचे मिसळून हवेत. तो कॅमेऱ्याची जागा आणि दिशा काढून देतो. पण ते पॉइंट निवडायला माणूसच लागतो.

८. मोबाईल चालेल का? आणि जुन्या कॅमेऱ्याएवढा झूम कसा ठरवू?

चालेल, फक्त अल्ट्रावाइड नको, कडा वाकतात. झूमची चिंता करू नका. वस्तू एकमेकांच्या मागे-पुढे कशा दिसतात हे फक्त उभं राहायच्या जागेवर ठरतं, लेन्सवर नाही. जागा बरोबर असेल तर जरा रुंद फोटो घ्या आणि नंतर कापा.

९. कॉम्प्युटर म्हणतो चारशे जोड्या जुळल्या, पण चित्र बसत नाही. असं का?

बहुतेक वेळा एकसारख्या दिसणाऱ्या गोष्टींमुळे. किल्ल्यावरच्या मानमंदिर महालाच्या पूर्वेकडच्या भिंतीवर गोल बुरूज ओळीने आहेत, एकावर जशी नक्षी तशी दुसऱ्यावर. मॉडेलने पहिला बुरूज दुसऱ्याशी, दुसरा तिसऱ्याशी असा एक घर सरकवून जोडला तरी जोड्या भरपूर मिळतात आणि सगळ्या एकमेकांशी सुसंगतही असतात, त्यामुळे रॅन्सॅकला काही वावगं दिसत नाही. आमच्याकडून एकदा हे झालं, आम्ही तो निकाल घरच्यांना दाखवलासुद्धा, आणि दोन दिवसांनी टोकाचा एक बुरूज जास्तीचा उरतोय हे लक्षात आलं. तेव्हापासून एक नियम पाळतो: पाच-सहा पॉइंट हाताने दोन्ही फोटोंत खुणा करून बाजूला ठेवायचे, जुळवणीत वापरायचेच नाहीत. शेवटी ते कुठे पडतात ते बघायचं. ३००० पिक्सेल रुंद फोटोत ते १०-१५ पिक्सेलच्या आत आले तर जुळलं म्हणायचं. नाही आले तर जोड्या चार हजार असल्या तरी नाही.

दुसरं कारण म्हणजे सगळ्या जोड्या एकाच भागात गोळा होणं. नुसत्या तटावर जुळलेला फोटो खालच्या वस्तीबद्दल काहीच सांगत नाही.

१०. फोटोवर तारीख नाही. कॉम्प्युटर साल सांगेल का?

साल तो सांगत नाही, पण जुळलेला फोटो सांगतो. काय आहे आणि काय नाही ते बघायचं. किल्ल्यावरून लष्करकडे बघणारा फोटो असेल आणि जयविलास महाल दिसत असेल तर १८७४ च्या आसपासचा किंवा नंतरचा. किल्ल्यावर गोऱ्या पलटणीची वर्दळ असेल तर १८५८ ते १८८६ मधला असायची शक्यता मोठी, कारण १८८६ मध्ये इंग्रजांनी किल्ला शिंद्यांना परत दिला. टीव्ही टॉवर दिसला तर आपल्याच आठवणीतला काळ. लाला दीनदयाळांनी १८८०च्या दशकात इथे काढलेले फोटो आज संग्रहांमध्ये बघायला मिळतात, त्यांच्याशी तुलना करूनही "याच्या आधीचा की नंतरचा" हे ठरवता येतं. दीनदयाळ तेव्हा इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात नोकरीला होते, हे इंदूरकरांनी लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

११. नवा फोटो कुठल्या वेळी काढू?

जुन्या फोटोतल्या सावल्या बघून. मानमंदिराची पूर्वेची भिंत उजळलेली असेल तर फोटो सकाळचा, दुपारनंतर ती सावलीत जाते. महिन्याचाही अंदाज येतो. ग्वाल्हेर कर्कवृत्ताच्या वर असल्याने इथे सूर्य कधीच अगदी डोक्यावर येत नाही, जूनच्या शेवटी मध्यान्हीला जेमतेम तीन अंश दक्षिणेला असतो आणि डिसेंबरच्या शेवटी मध्यान्हीलाच फक्त ४० अंशांवर. म्हणजे हिवाळ्यात भर दुपारीही खांबाची सावली खांबापेक्षा लांब पडते. सावल्या जुळल्या तर कॉम्प्युटरचं काम निम्म्याने हलकं होतं, नाहीतर तो सावलीच्या कडेलाच भिंतीची कड समजतो. पावसाळा टाळा, कड्यावर गवत माजतं आणि दगडातल्या भेगा झाकल्या जातात. डिसेंबर-जानेवारीत धुकं असतं. आम्ही बहुतेक फेब्रुवारी-मार्चमध्ये फिरतो.

१२. जुन्या फोटोत बुरूज सरळ उभे आहेत, माझ्या फोटोत मागे कलतात. जागा तर तीच आहे!

जागा बरोबरच असेल. तुम्ही मोबाईल वर कलवलात म्हणून रेषा आत झुकल्या. जुन्या लाकडी कॅमेऱ्यात माणूस कॅमेरा न कलवता फक्त लेन्स वर सरकवायचा, त्यामुळे उभ्या रेषा उभ्याच राहायच्या. नव्या फोटोचं हे सॉफ्टवेअरने सुधारता येतं, जागा तीच असेल तर काहीच हरवत नाही. पण जुन्या फोटोवरून कॅमेऱ्याची जागा काढताना "फोटोचा मध्य म्हणजे लेन्सचा मध्य" हे गृहीत धरू नका, सरकवलेल्या लेन्सचा मध्य खाली कुठेतरी असतो, आणि कापलेल्या प्रिंटमध्ये तर कुठेही. म्हणून तो आकडाही प्रोग्रामला शोधू द्या, त्यासाठी पॉइंट जरा जास्त द्या.

१३. ती जागा आता राहिलीच नाही, तिथे बिल्डिंग आहे किंवा समोर मोठं झाड आलंय. मग?

हे निम्म्या फोटोंच्या बाबतीत होतं. शक्य तितकं जवळ जा आणि आजूबाजूने पन्नास-साठ फोटो काढा, कोलमॅपसारखा फुकट प्रोग्राम त्यावरून त्रिमितीय मॉडेल बनवतो आणि जुन्या कॅमेऱ्याच्या जागेवरून आज काय दिसलं असतं ते त्यात दाखवता येतं. फक्त हा फोटो नसून बनवलेलं दृश्य आहे हे खाली स्पष्ट लिहा. झाड असेल तर पानगळीची वाट बघा. झाड तोडायला किंवा फांद्या छाटायला कुणालाही सांगू नका, असा प्रश्न खरंच आला होता.

१४. सॅटेलाइटच्या उंचीच्या नकाशावरून डोंगराची रेघ जुळवता येते म्हणे, मग आपण का नाही करत?

हिमालयात येते. तिथे शिखरं किलोमीटरच्या हिशेबात उठतात आणि फुकट मिळणारे नकाशे ३० मीटरच्या चौकटींचे असले तरी चालतात. आपला किल्ल्याचा डोंगर भोवतालच्या जमिनीपासून साधारण शंभर मीटर, आणि कडा उभ्या तुटलेल्या. ३० मीटरच्या चौकटीत उभा कडा सौम्य उतार होऊन जातो आणि तट तर येतच नाही. म्हणून आम्ही किल्ल्याची रेघ आमच्याच फोटोंवरून बनवलेल्या मॉडेलमधून घेतो (प्रश्न १३).

१५. काहीही केलं तरी जुळत नाही. फोटो ग्वाल्हेरचाच आहे हे नक्की.

आधी फोटो आडवा पलटून बघा. काचेची निगेटिव्ह उलट्या बाजूने छापली की डावं उजवं होतं आणि मॉडेल्सना पलटलेलं चित्र सहसा ओळखता येत नाही. दुकानाची पाटी असेल तर लगेच कळतं. बायका असतील तर पदर बघा, आपल्या नऊवारीचा पदर डाव्या खांद्यावर, सगळ्यांचाच उजव्यावर दिसला तर फोटो उलटा असण्याची शक्यता खूप. मग मागे लिहिलेल्या नावावर शंका घ्या, अल्बममध्ये दतिया, ओरछा आणि ग्वाल्हेर एकाच प्रवासातले म्हणून एकाच नावाखाली चिकटवलेले असतात.

१६. एआयने फोटो शार्प करून, रंग भरून पाठवला तर बरं ना?

कृपया नको. ते सॉफ्टवेअर नसलेली वीट काढतं, नसलेली खिडकी काढतं, आणि मग मॉडेल त्या खोट्या खिडकीला जोडी शोधत बसतं. घरच्या भिंतीवर लावायला हवं तर करा, आम्हाला मूळ स्कॅन पाठवा, डागांसकट.

१७. छापील पोस्टकार्ड किंवा जुनं चित्र चालेल का?

पोस्टकार्ड चालेल, फक्त भिंगातून बघितलं तर त्यात बारीक ठिपके असतात, मॉडेल त्या ठिपक्यांनाच खूण समजतं. आधी चित्र हलकंसं ब्लर करा, ठिपके विरले की थांबा. चित्रांचं वेगळं आहे. हॉजेस, डॅनियल काका-पुतणे यांनी १८व्या शतकाच्या शेवटी आपला किल्ला रंगवला, पण चित्रकार कडा उंच करतो, झाड हवं तिथे सरकवतो. तिथे एकच कॅमेरा-जागा शोधण्यात अर्थ नाही. कुठला बुरूज कुठल्याच्या डावीकडे आहे एवढं तपासा.

१८. ड्रोन उडवून काढू का?

परवानगीशिवाय अजिबात नाही. शहराला लागूनच एअरफोर्सचा तळ आहे आणि किल्ल्यावरची स्मारकं संरक्षित आहेत. तसाही जुना फोटो जमिनीवरून किंवा गच्चीवरूनच काढलेला असतो, ड्रोनचं काम पडत नाही.

१९. इंदूर किंवा बडोद्याचे फोटो पाठवले तर चालतील?

हो, पण अडचणी वेगळ्या. इंदूरच्या राजवाड्याला १९८४ मध्ये आग लागली आणि नंतर काही भाग नव्याने बांधला गेला, त्यामुळे त्या भागावर जोड्या जुळल्या तरी तो तोच दगड आहे असं सिद्ध होत नाही, आमच्याकडून तो भाग मास्क करूनच, म्हणजे झाकूनच, जुळवणी होते. बडोदा सपाट, मागे लांबचा डोंगर फोटोत क्वचितच, म्हणून प्रश्न ७ मधली जवळ-लांबची जोडी मिळणं कठीण. तिथे सूरसागरच्या काठावरून पलीकडच्या इमारती धरून बघा, मध्ये पाणी असल्याने झाडं-घरं आड येत नाहीत.

२०. निकाल इंटरनेटवर टाकू का?

जुना फोटो ज्यांच्या घरचा त्यांना आधी विचारा, आणि नव्या फोटोत कुणाचं अंगण, कुणाचं वाळत घातलेलं धुणं येत असेल तर तो भाग कापा. ज्यांच्या गच्चीवरून फोटो काढला त्यांचं नाव किंवा घराचा नेमका पत्ता लिहू नका, गल्लीचं नाव पुरे. सोबत जुन्या फोटोचा अंदाजे काळ, नव्याची तारीख आणि वेळ, बाजूला ठेवलेल्या पॉइंटची चूक किती पिक्सेल आली ते, आणि जुळलं नसेल तर कुठपर्यंत जुळलं हे लिहा. न जुळलेलेही टाका. त्या तीन गच्च्यांपैकी तिसरीवर आम्ही गेलोच नव्हतो, पुढे दुसऱ्या एका घरातून आलेला फोटो नेमका तिथलाच निघाला, आणि आधीची नोंद लिहिलेली होती म्हणून तो एका संध्याकाळीत बसला.